शोभेच्या एकवीस वस्तू

युरोपचं राजकारण आणि कारभार या विषयात एम.ए. करून मी रोह्याला परतले, तेव्हा स्टेशनवर घ्यायला आलेल्या बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?" दुसरा प्रश्न त्यांनी घरी पोचून माझा चहा होईपर्यंत दाबून धरला. मग तोही आलाच. "आता ह्याचं पुढं काय?"

हाच प्रश्न पुढचे सहा-सात महिने मला सगळ्या रोह्यानं विचारला. बाबा कंपनीत शिफ्टला जायचे आणि येताना रिकाम्या डब्याबरोबर तिथल्या कुणाची तरी नवी शंका घरी घेऊन यायचे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हंजे तिकडं इलेक्शनला उभी ऱ्हाणार काय गो?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला, त्यांच्या भाच्याला तिकडे कुठेतरी चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं, हे बँकेच्या परीक्षेला चालतं का, असं विचारलं. मी म्हटलं, "बँकेला नाही चालत. पण तुमचा मुलगा तासभर बोलत असताना ऐकत बसायला फार उपयोगी पडतं." ते स्थळ तिथेच संपलं आणि आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तापट आहे हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला तो त्या तापटपणातूनच झाला.

खरं तर उत्तर मलाही येत नव्हतं. सत्तावीस देश एका टेबलाशी बसून मधाच्या बरणीवर काय छापायचं इथपासून सरहद्दीपर्यंत सगळं कसं ठरवतात, कुणाचा अधिकार कुठे संपतो, आणि काहीच ठरलेलं नसताना 'समाधानकारक चर्चा झाली' असं कसं लिहितात, हे मी दोन वर्षं एका थंड गावात बसून शिकले होते. आमच्या वर्गात एकेका सरकारी निवेदनावर तीन-तीन तास चर्चा चालायची. हे वाक्य कुणी घातलं असेल, ह्या शब्दावर कोण अडून बसलं असेल, ही ओळ शेवटी का ढकलली असेल. मला त्यात प्रचंड मजा यायची. पण ही मजा रोह्यात कुणाला सांगणार?

फक्त मामानं काही विचारलं नाही. आईचा हा धाकटा भाऊ पेणला असतो आणि त्याचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन लांबलचक खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. पेणमध्ये अशा जागेला कारखानाच म्हणतात. शाडूच्या मूर्ती, चारपाच बायका कामाला, मामी रंगाला आणि डोळ्यांची आखणी मात्र मामा स्वतः करणार. त्याला माझ्या शिक्षणाबद्दल शंकाच नव्हती. "आमची भाची युरोप शिकून आलीय," असं तो अख्ख्या आळीत सांगायचा, शिवणकाम शिकून आल्यासारखं. कधीतरी लागणारच, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि चैत्रात ते लागलं. युरोपातल्या एका शहरातल्या मराठी मंडळाला घरोघरी बसवायला एकवीस शाडूच्या मूर्ती हव्या होत्या. मामाच्या मूर्ती तोवर मुंबई, पुणे, नाशिकपर्यंत जात. पेणमधून परदेशी जाणाऱ्या मूर्ती खूप, पण त्या दुसऱ्यांच्या कारखान्यातल्या. मामाचा गणपती समुद्रापलीकडे पहिल्यांदाच चालला होता. त्यानं मंडळाच्या सेक्रेटरी बाईंना फोनवर शब्द दिला, "चतुर्थीला एकही घर रिकामं ऱ्हाणार नाय." मग मला फोन केला. "काय गो, आता ये. तुझा विषय आलाय."

मी मेमू गाडी पकडून पेणला गेले ती जरा हवेतच. आणि पहिल्याच दिवशी बाजी मारली. मामानं आयुष्यभर मूर्ती भाताच्या पेंढ्यात बांधल्या होत्या. मी म्हटलं, "पेंढा तिकडे चालत नाही. पेंढ्याबरोबर कीड जाते. सगळा माल परत पाठवतील." मामानं खात्री करून घ्यायला एजंटला फोन लावला. हा एजंट उरणला बसून जहाजानं जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघायचा. तो म्हणाला, "बरोबर बोलतायत ताई, पेंढा टाकू नका." मामानं फोन ठेवला आणि कारखान्यातल्या बायकांकडे असं पाहिलं की जणू पेंढ्याचा शोध मीच लावला होता. त्या दिवशी मामीनं मला दोन वेळा चहा दिला, दुसऱ्या वेळी खारी बिस्किटांसकट. हिवाळ्यापासून करून ठेवलेल्यांतल्या एकवीस मूर्ती कागदाच्या कतरणीत बसल्या.

बिस्किटं डोक्यात गेली. दोन दिवसांनी एजंटनं एक फॉर्म पाठवला. मालाचं वर्णन या रकान्यात त्यानं आधीच इंग्रजीत चार शब्द भरून ठेवले होते : मातीच्या शोभेच्या वस्तू. मामानं मला अर्थ विचारला, मी सांगितला, आणि मामाचा हातातला ब्रश थांबला.

"शोभेच्या?"

बस, माझा पारा चढला. मी एजंटला फोन लावून चांगला फैलावर घेतला. गणपती काय फुलदाणी आहे? आमच्या मामानं तीन महिने राबून काय शोकेसचं सामान केलंय? एजंट गरीब बिचारा म्हणाला, "ताई, सगळे असंच लिहितात. चार शब्द लिहा नि सोडा." मी म्हटलं, "मी हाच विषय शिकले आहे." हे वाक्य आठवलं की मला आजही कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मग मी वर्णन लिहिलं. चार शब्द नाही, अडीच पानं. ही देवतेची मूर्ती आहे, इथपासून सुरुवात केली. परंपरा, पूजा, साहित्य असे विभाग पाडले. आणि युरोपला पर्यावरणाची किती काळजी असते ते माझ्याइतकं पेणमध्ये कुणाला ठाऊक, म्हणून कुणी न विचारता शेवटी एक खास विभाग टाकला : वापरानंतरची विल्हेवाट. 'दीड ते दहा दिवसांच्या पूजेनंतर ही मूर्ती नदी, तळे किंवा समुद्रात सोडली जाते.' खाली दोन तळटीपा. मामाला वाचून दाखवलं. त्याला कळलं काहीच नाही, पण तो म्हणाला, "ह्याला म्हणतात शिक्षण."

खोकी वैशाखात गेली. आषाढाच्या शेवटी एजंटनं मामाच्या फोनवर दोन पानी पत्र पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं : ताईंना दाखवा.

मूर्ती तिकडच्या बंदरात अडकवून ठेवल्या होत्या. पत्र अतिशय सभ्य होतं. आपण कळवल्याप्रमाणे सदर वस्तू पाण्यात टाकण्यासाठी आणली जात आहे, तर त्या पाण्याच्या अधिकाऱ्यांची परवानगी जोडावी. रंगात काय काय आहे ते कळवावं. दहा दिवसांत टाकून द्यायची वस्तू ही वस्तू आहे की कचरा, याचा खुलासा करावा. सदर वस्तू देवता असल्यास तिला टाकण्याबाबत संबंधित धर्मसंस्थेचं मत जोडावं. उत्तर महिन्याच्या आत. चतुर्थीला पाच आठवडे उरले होते.

"काय म्हणतायत?" मामानं विचारलं. समोर पाटांवर शेकडो मूर्ती डोळ्यांची वाट बघत बसल्या होत्या. तो ऐन घाईचा काळ, आणि माणूस हातातलं काम सोडून माझ्या तोंडाकडे बघत होता. मला रडू आलं. मी सरळ सांगितलं, "मामा, माझ्यामुळे अडकल्या. एजंटचे चार शब्द ठेवले असते तर एव्हाना पोचल्या असत्या."

मामानं नुसता ब्रश उचलला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. मामीच म्हणाली, "एकवीस घरं हायेत गो. त्यातल्या लेकरांना काय सांगायचं, बाप्पा गोदामात बसलाय?"

तिथेच, मूर्तींच्या मधे बसून मी ते पत्र पुन्हा वाचलं. आणि तिसऱ्यांदा वाचताना मला वर्ग आठवला. हे एका माणसानं लिहिलेलं पत्र नव्हतंच. पाण्याचा परिच्छेद पाण्यावाल्यांनी लिहिला होता, त्यांची भाषा वेगळी, जरा धाकाची. रंगाचा परिच्छेद कुठल्यातरी जुन्या पत्रातून उचलला होता. कचऱ्याचा परिच्छेद लिहिणाऱ्याला हे आपल्या टेबलावर नकोच होतं. धर्माचा परिच्छेद घाबरून लिहिला होता. आपल्या हातून कुणाच्या देवाचा अपमान नको, एवढंच त्यात होतं. आणि हे चारही तुकडे शिवून खाली सही करणारं कुणीतरी एक माणूस होतं, ज्याला हे प्रकरण संपवायचं होतं आणि संपवायला काहीतरी हातात हवं होतं.

मी मामाला म्हटलं, "ते नाही म्हणत नाहीयेत. त्यांना ठरवता येत नाहीये की ही वस्तू कुणाच्या खात्यात येते. आपण ठरवून द्यायचं."

"मग दे की."

दिलं. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत बसून अकरा पानं लिहिली. सांस्कृतिक हक्क, अल्पसंख्याकांच्या प्रथा, सगळं. मामा डोळे आखत होता आणि मी त्याला मराठीत सांगत होते. आठव्या पानाला त्यानं ब्रश पाण्यात बुडवला. "मी त्या बंदरावर असतो तर नुसतं वजन बघून परत पाठवलं असतं," तो म्हणाला. "आणि मला एक सांग. आधीच्या कागदात तू लिहिलंयस काय?"

"देवाची मूर्ती. पूजेनंतर पाण्यात टाकणार."

"अगो, देव पाण्यात टाकणार म्हटल्यावर माणसं घाबरतील नाय तर काय? आणि हे देव हायेत असं तुला सांगितलं कुणी?"

मी हातातले कागद खाली ठेवले.

"माती हाय ती," मामा म्हणाला. "गुरुजी येणार, प्राणप्रतिष्ठा करणार, मग देव. उत्तरपूजा झाली, मूर्ती जागेवरनं हलवली, की परत माती. खोक्यात गेली ती माती, बंदरात हाय तीपण माती, पाण्यात जाते तीपण माती. मधले दिवस काय ते देव. आणि ते दिवस लोकांच्या घरातले. त्यात बंदरवाल्यांचा काय संबंध?"

दोन वर्षं मी कुणाचा अधिकार कुठून कुठपर्यंत हे शिकले, पण इतकी स्वच्छ वाटणी मला एकाही प्राध्यापकानं करून दाखवली नव्हती. तरी मी खोड काढलीच. "माती आहे तर मग चपला बाहेर का काढायच्या इथे?"

"यायचा असतो ना तो. पाहुणा यायच्या आधी घर झाडत नाय तू?"

"आई झाडते."

"तेच," मामा म्हणाला आणि पुढची मूर्ती ओढली.

अकरा पानं बाजूला ठेवून मी एक पान लिहिलं. बंदरात असलेला माल म्हणजे न भाजलेल्या मातीच्या आकृती. पूजा खाजगी घरात होते. पूजेचा समारोप झाल्यावर आकृती पुन्हा माती असते, असं ती बनवणाऱ्यांचं आणि पूजणाऱ्यांचं मत आहे. पाण्याचा मात्र प्रश्न उरला होता, म्हणून मंडळाच्या सेक्रेटरी बाईंना फोन केला. मूळच्या चिपळूणच्या त्या बाई हसायलाच लागल्या. "नदीवर कोण जातंय? इथं सप्टेंबरात कुडकुडायला होतं. आम्ही सगळे घरातच बादलीत विसर्जन करतो आणि ती माती कुंड्यांत घालतो." त्यांनी एकवीस घरांच्या सह्यांचं पत्र दिलं. नदी, तळं आणि समुद्र मी माझ्या पदरचे घातले होते, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

रंगाच्या डब्यांचे फोटो काढले. आणि मूर्ती खरंच बादलीत विरघळते याचा पुरावा म्हणून व्हिडिओ करायचा ठरला. सोंड दुखावलेली एक मूर्ती बाजूला ठेवलेली होती, ती घेतली. मामीनं आपली निळी बादली घासून आणली. कारखान्यातल्या बायका हात धुऊन गोल बसल्या. मामानं मूर्ती दोन्ही हातांत धरून हळूच पाण्यात सोडली आणि सगळे बघत राहिले. माती विरघळायला घाई नव्हती. सकाळी नऊला सोडलेली मूर्ती जेवणाच्या वेळेपर्यंत गळ्यापर्यंत विरली. मग मुकुट गेला, शेवटी गढूळ पाणी. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं तसं मामा खेकसला, "माती हाय म्हटलं ना!" मी पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट जोडून व्हिडिओ पाठवून दिला. पाठवताना आवाज लावून बघितलाच नाही.

आठवड्यानं मी रोह्याहून एसटीनं पेणला निघाले होते. अंबा नदीला पूर आलेला, नागोठण्याच्या अलीकडे रस्त्यावर पाणी, गाडी उभी. तेवढ्यात फोन वाजला. परदेशातला नंबर. बंदरातल्या कार्यालयातल्या एक बाई बोलत होत्या. पत्राखाली सही त्यांचीच होती. कागद नीट आहेत, म्हणाल्या. फक्त एक शंका.

"व्हिडिओत ते गृहस्थ वस्तू पाण्यात ठेवताना काहीतरी म्हणतात. मी ते चार वेळा ऐकलं. ती पूजा आहे का? कारण तुमच्या पत्राप्रमाणे पूजेशिवाय ती फक्त माती असते. पूजा झाली असेल तर मला पुन्हा सगळीकडे विचारावं लागेल."

मामा 'मोरया' म्हणाला होता. दिवसभर आम्हाला माती हाय, माती हाय असं दरडावणारा मामा, पुराव्याच्या व्हिडिओत, सवयीनं. सगळी एसटी माझ्याकडे बघत होती, कारण पाण्यात अडकलेल्या गाडीत दुसरं बघण्यासारखं काहीच नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "मोठ्यानं बोला ताई, पावसात तिकडं ऐकू जात नसंल."

सांस्कृतिक हक्क, तळटीपा, सगळं डोक्यातून गेलं. मी जे होतं ते सांगितलं. "बाई, ती पूजा नाही. तो माझा मामा आहे. तो हे खोकं उचलतानाही म्हणतो. स्कूटरला किक मारतानाही म्हणतो. त्याला ते म्हटल्याशिवाय हात हलवता येत नाही."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग बाईंनी अतिशय गंभीरपणे विचारलं, "स्कूटर ह्या मालात समाविष्ट नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे. मी तसं लिहून घेते."

फोन बंद झाला. मागच्या सीटवरच्या आजोबांना इंग्रजी कळलं नव्हतं, पण बाकी सगळं कळलं होतं. "कुणाला सोडवताय?" त्यांनी विचारलं. गणपतीला, म्हटल्यावर अर्ध्या एसटीनं मोरया म्हटलं. मी घाईघाईनं फोन खरंच बंद झालाय का ते बघितलं.

दहा दिवसांनी माल सुटल्याचा कागद आला. मी तो कारखान्यात उभी राहून वाचला. एकवीस नग. पुढे मालाचं वर्णन. मी अडखळले. एवढी पत्रं, सह्या, बादली, आणि शेवटी त्या बाईंनी लिहिलं होतं ते एजंटनं चैत्रात लिहिलेलेच चार शब्द : मातीच्या शोभेच्या वस्तू.

माझ्या कपाळावर आठी चढली होती. मामानं ती बघितली. "लिव्हू दे," तो म्हणाला. "ते त्यांच्या वहीपुरतं. यायचा तेव्हा येतो तो."

चतुर्थीला दुपारी आम्ही रोह्याला घरच्या गणपतीसमोर जेवायला बसलो होतो, तेव्हा सेक्रेटरी बाईंनी फोटो पाठवले. एकवीस घरं, एकवीस गणपती. कुठे मागे पुस्तकांचं कपाट, कुठे खिडकीत राखाडी आभाळ, कुठे लोकरीचा स्वेटर घातलेलं पोर हात जोडून. मी ते मामाला पाठवले आणि लगेच फोन केला. त्यानं उचलला. मामी मागून सांगत होती, "एकेका फोटोत बाप्पाचे डोळे मोठे करून बघतायत. सारखे बघतायत."

मग मामा म्हणाला, "आला गो. सगळीकडं आला."

आळीतलं कुणीतरी तेव्हा त्याच्या दारात प्रसादाला आलं असावं, कारण मला फोनमधून विचारलेलं स्पष्ट ऐकू आलं, भाची नक्की काय शिकून आली म्हणे? मी कान टवकारले. हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. मामानं नाक ओढलं.

"कागदामागं माणूस कोण बसलाय ते तिला दिसतं," तो म्हणाला. "फक्त तिला अडीच पानं लिव्हायला देऊ नका."